गुडघ्याचा आवाज आणि खालची जाहिरात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला गुडघ्याचा आवाज ऐकून निदान करण्याबद्दलचा लेख वाचला. मायक्रोफोन लावलेला पट्टा गुडघ्याला बांधायचा, माणसाने खुर्चीतून उठबस करायची आणि करकर संगणकाने मोजायची. हे करणाऱ्या अमेरिकेतल्या अटलांटाच्या संशोधकांचं काम चांगलंच आहे. माझं भांडण, गुडघा असा ऐकला गेला तो ‘पहिल्यांदाच’, या लेखातल्या शब्दाशी. बोस्टनच्या ब्लॉजेट नावाच्या डॉक्टरांनी १९०२ मध्येच गुडघ्यांना स्टेथोस्कोप लावून ऐकलेलं छापलं होतं. नातवाने दोन मिनिटांत मोबाइलवर काढून दाखवलं. आपल्या लेखकांना नातू नसावा.

मी ३१ वर्षं पिंपरीत फिटर होतो. बेअरिंग वाजायला लागलं की लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, टोक हाउसिंगवर, म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या घरावर, आणि मूठ कानामागच्या हाडाला. ग्रीस सुकलं असेल तर शीळ, रेसला, म्हणजे गोळ्या फिरतात त्या कड्याला, खड्डा पडला असेल तर ठरावीक अंतराने टक्. मशीन खोलायचं ते त्यानंतर.

आता माझंच बेअरिंग गेलंय. मे महिन्यात जिना उतरताना उजवा गुडघा धरला. एका मोठ्या हॉस्पिटलात दीड तास नंबर लावून बसलो. डॉक्टर मुलाच्या वयाचे. स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले, “काका, एमआरआय करून घ्या.” मी म्हटलं, “डॉक्टर, एकदा हात ठेवून बघा, मी वाकवून दाखवतो. शेजारच्या खोलीत ऐकू जातं.” तर म्हणे, “आवाजाचं काही नसतं हो.” पँट वर करायचीही वेळ आली नाही. घडी करून नेलेली जुनी लुंगी पिशवीत तशीच परत आली.

डॉक्टर अगदीच चूक होते असं म्हणत नाही. डोनाल्ड उंगर या अमेरिकन डॉक्टरांनी साठ वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली. संधिवात दोन्हीपैकी कुठल्याच हाताला झाला नाही, आणि त्याबद्दल २००९ मध्ये त्यांना इग नोबेल, म्हणजे गमतीदार संशोधनासाठीचं बक्षीस, मिळालं. पण सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी होऊन येणारी मोकळी टक् वेगळी आणि कळ मारत येणारी करकर वेगळी. वाटीवर तळवा ठेवून पाय वाकवला की ती करकर हाताला लागते. त्यासाठी हात कीबोर्डवरून उचलावा लागतो, एवढंच.

घरी येऊन तोच स्क्रू ड्रायव्हर काढला, टोकाला रुमाल गुंडाळून वाटीवर टेकवला. मूठ कानापर्यंत पोहोचेना, म्हणून सौ.ला ऐकायला बसवलं. डावा गप्प. उजव्याला ती म्हणाली, “जात्यात खडा आल्यासारखं वाटतंय.” फी दिली ती मात्र हॉस्पिटलला.

जाता जाता आणखी एक. त्याच लेखाच्या खाली, त्याच रंगाच्या चौकटीत, ‘७ दिवसांत गुडघे वीस वर्षांनी तरुण’ अशी तेलाची जाहिरात आहे. वर विज्ञान, खाली तेल. अक्षराचा आकारही सारखाच. ‘जाहिरात’ हा शब्द कोपऱ्यात भिंग लावून सापडला, तोवर सौ.ने फोन करून दोन बाटल्या मागवल्या होत्या. पेपरातच आलंय म्हणाली. त्या परत कुठे करायच्या, तेवढं कळवावं.

आपला,
एक निवृत्त फिटर, चिंचवड