लिफाफ्यावरची दोन अक्षरं

आदरणीय सर,

जय ख्रिस्त.

हे पत्र तुमच्या घरच्या पत्त्यावर टाकता आलं असतं. पण आजोबांचं नाव खाली उतरवलं गेलं ते छापून, चारचौघांत. मग ज्यांनी ते परत जागेवर आणलं त्यांचे आभारही चारचौघांतच मानायचे, असं आईचं म्हणणं पडलं आणि मला ते पटलं. तुमचं नाव घालत नाही. तसं तुम्ही बजावलंच होतंत.

झालं होतं एवढंच. आमच्या मंडळीच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघाली. आत आजवरच्या पाळकांची यादी होती. प्रत्येकाच्या नावाआधी 'रेव्ह.', म्हणजे रेव्हरंड, ही दीक्षा झालेल्या पाळकाची पदवी, आणि आजोबांच्या नावाआधी 'श्री.'. आईने भिंग लावून दोनदा वाचलं. म्हणाली, छापणाऱ्याची चूक असेल, जाऊन सांग त्यांना. मी गेले. चूक नव्हती. ज्यांनी यादी केली होती त्यांनी बसा असंही न म्हणता मला समजावलं, की तुमच्या आजोबांना १९३६ साली पाळकपदाची दीक्षा मिळाली ती मिशनच्या पाळकांकडून. त्यांच्या डोक्यावर बिशपांचे, म्हणजे पाळकांवरच्या वरिष्ठांचे, हात कधी ठेवलेच गेले नाहीत. १९७० साली नागपूरला वेगवेगळ्या मंडळ्या मिळून सी. एन. आय. (उत्तर भारताची मंडळी) झाली तेव्हा बाकीच्यांचं रीतसर झालं. आजोबा त्याआधीच, १९६६ साली गेले. "म्हणजे तसे ते प्रचारकच," असं म्हणून त्यांनी स्मरणिका मिटली. तीस वर्षं नेवासे तालुक्यातली खेडी सायकलवरून पालथी घातलेल्या माणसाचा निकाल दोन मिनिटांत लागला.

नंतरच्या चार महिन्यांतल्या फेऱ्या, अर्ज आणि न आलेली उत्तरं मी इथे उगाळत नाही. फक्त एका विद्वानांचं वाक्य विसरता येत नाही: "गेलेल्या माणसाला आता काय फरक पडतो?" गेलेल्याला नसेल पडत. त्याच्या ८६ वर्षांच्या मुलीला पडत होता. आई पहिलं प्रभुभोजन, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण, घ्यायला बसली ती तिच्या बाबांसमोरच, गावातल्या शेणाने सारवलेल्या प्रार्थनाघरात. चपातीचा तुकडा आणि मनुकांचा रस. मनुका आदल्या रात्री तिनेच भिजत घातल्या होत्या. स्मरणिका आल्यानंतरच्या रविवारी ती प्रभुभोजनाला उठली नाही. घरी आल्यावर मला विचारते, "बाबा पाळकच नव्हते, तर मग मी तेव्हा घेतलं ते काय होतं ग? नुसती चपाती?"

हा प्रश्न घेऊन मी तुमच्या दारात आले. तुम्ही एस.पी.जी.च्या, म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकन मंडळीच्या मिशनच्या, घरातले, हे मला नगरमधून निघतानाच कोणीतरी सांगितलं होतं. आमच्याकडे अमेरिकन मिशनवाले (म्हणजे आम्ही) आणि एस.पी.जी.वाले म्हणजे एकेकाळी दोन वेगळ्या आळ्याच. ज्यांच्या पणजोबांपासून बिशपांच्या हातची दीक्षा घरात आहे, ते माझ्या बाजूने काय बोलणार, असं मनात धरूनच मी चप्पल काढली.

तुम्ही पाणी दिलंत. आजोबांचा दीक्षेचा दाखला मी साडीच्या दुकानातल्या प्लास्टिकच्या पिशवीत आणला होता, घड्यांवर झिजलेला, एका कोपऱ्याला चिकटपट्टी लावलेला. तुम्ही पिशवीकडे बघितलंत, आत गेलात आणि एक नवा तपकिरी लिफाफा घेऊन आलात. शाईचं पेन उघडलंत. मला आजोबांचं नाव विचारलंत. आणि मी नाव सांगायच्या आधीच तुम्ही डाव्या बाजूला 'रेव्ह.' लिहून ठेवलं होतंत. सावकाश, वळणदार, व्ह ची गाठ नीट काढून. मग नाव. मग शाई वाळेपर्यंत लिफाफा हातात धरून थांबलात.

मी दाखला अजून बाहेरही काढला नव्हता, सर.

त्यानंतरच्या पाच दुपारी तुम्ही मला जे शिकवलंत त्याचे उपकार आहेतच. पण त्या दोन अक्षरांचे वेगळे. पुरावा बघून मान देणारे पुष्कळ असतात. तुम्ही मान आधी दिलात आणि पुरावा नंतर वाचलात. दाखल्याखालच्या पाच सह्या तुम्ही एकेक करून मोठ्याने वाचल्यात, दोन इंग्रजीतल्या आणि तीन मोडीच्या वळणाच्या मराठीतल्या. मग म्हणालात, "या पाच जणांनी हात ठेवले. आता हे हात कुठून आले ते बघू."

मी तेव्हा वहीत भराभर लिहून घेतलं. त्यातलं थोडं इथे उतरवते, कारण माझ्यासारखा घाव आणखी कोणाच्या घरात बसला असेल तर त्यांनाही ते कळायला हवं.

पहिल्याच दुपारी तुम्ही मराठी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून माझ्यापुढे सरकवलंत आणि पौलाच्या पत्रांत 'बिशप' शोधायला सांगितलंत. सापडला नाही. सापडले ते 'अध्यक्ष' (पुढे ज्यांना बिशप म्हटलं गेलं) आणि 'वडील' (पुढचे पाळक), आणि तीताच्या पत्रात तर एकाच माणसाला आधी वडील आणि लगेच पुढे अध्यक्ष म्हटलेलं. पौलाचा शिष्य तीमथ्य, त्याच्यावर हात ठेवले ते वडीलवर्गाने. तुम्ही म्हणालात, सगळं भांडण या दोन शब्दांच्या मधल्या फटीतून निघालं. दोन्ही एकच पद म्हणावं, तर पाळकाने पाळकाला दिलेली दीक्षा पुरते. वेगळी म्हणावी, तर बिशपांचे हात लागतात. जेरोमसारख्या जुन्या आचार्यानेही मुळात ती एकच होती असं लिहून ठेवलंय, हे ऐकल्यावर मी वहीत त्याच्या नावाखाली दोन रेघा ओढल्या.

मग इंग्लंड. १७ डिसेंबर १५५९ ची पहाट, लॅम्बेथ राजवाड्याचं चॅपल. मॅथ्यू पार्कर आर्चबिशप होतोय आणि चार बिशप त्याच्यावर हात ठेवतायत. त्यांतला म्हातारा माइल्स कव्हरडेल, बायबलचा इंग्रजी अनुवादक, मानाची वस्त्रं न घालता साधा लोकरी झगा घालून उभा. अँग्लिकन मंडळीतली बिशपांच्या हातांची सगळी साखळी त्या सकाळमधून जाते. आणि तीच साखळी तुटलेली आहे असं रोमने, म्हणजे पोपच्या कॅथलिक मंडळीने, शतकानुशतकं म्हटलं. पार्करची दीक्षा एका खाणावळीत उरकली अशी कंडी पिकवली गेली, आणि १८९६ साली तेरावे पोप लिओ यांनी अँग्लिकन दीक्षा पूर्णपणे रद्दबातल असल्याचं जाहीर केलं. तुम्ही हे अगदी शांतपणे सांगितलंत. "म्हणजे ज्या हातांच्या जोरावर तुमच्या आजोबांना 'श्री.' केलं, त्या हातांनाही कोणीतरी रिकामं म्हटलेलंच आहे. माझ्या पणजोबांनाही." 'माझ्या पणजोबांनाही' म्हणताना तुमचा आवाज जरा खाली आला. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की तुम्ही माझ्या बाजूला येऊन बसला आहात.

थॉमस कार्टराइटने १५७० साली केंब्रिजच्या व्याख्यानांत बिशपपदाच्या मुळालाच हात घातला आणि त्याला प्राध्यापकी गमवावी लागली, ते सगळं माझ्या वहीत आहे. पण माझ्या मनात घर करून बसली ती १६१० सालची गोष्ट. स्कॉटलंडचे तीन पाळक, स्पॉटिसवुड, लॅम आणि हॅमिल्टन, बिशपपदाची दीक्षा घ्यायला लंडनला आले. त्यांची पाळकीय दीक्षा बिशपांकडून झालेली नव्हती. बिशप लॅन्सेलॉट अँड्र्यूज यांनी हरकत घेतली, की आधी यांना पाळक तर करा. तेव्हा कँटरबरीचे आर्चबिशप रिचर्ड बॅनक्रॉफ्ट म्हणाले, गरज नाही. जिथे बिशप मिळतच नव्हते तिथे पाळकांनी दिलेली दीक्षा कायदेशीरच धरली पाहिजे. हेच बॅनक्रॉफ्ट १५८९ साली लंडनच्या पॉल्स क्रॉसवरच्या प्रवचनात, बिशपपदावर टीका करणाऱ्या प्युरिटनांवर तुटून पडले होते. बिशपांचा एवढा कडवा कैवारी जे म्हणू शकला, ते आमच्या स्मरणिकेच्या समितीला म्हणता आलं नाही.

पुढे १६६२ चा कायदा आला आणि इंग्लंडमध्ये बिशपांच्या हातची दीक्षा सक्तीची झाली. २४ ऑगस्ट, बार्थोलोम्यूचा दिवस. त्या एक-दोन वर्षांत सुमारे २,००० पाळकांना मंडळ्या सोडाव्या लागल्या. घर, पगार, शेजार, सगळं. जॉन हाऊ हा त्यांतलाच एक. एक्सेटरच्या बिशपांनी त्याला विचारलं, पुन्हा दीक्षा घेतलीस तर तुझं दुखतंय कुठे? तो म्हणाला, माझ्या बुद्धीला दुखतं. कुठल्याही गोष्टीला दोन सुरुवाती असू शकत नाहीत. हे मी आईला वाचून दाखवलं तेव्हा तिने मला थांबवलं आणि ते वाक्य परत वाचायला लावलं.

मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या वेस्ली बंधूंचं ऐकताना मात्र मला भरून आलं. अमेरिकेतलं स्वातंत्र्ययुद्ध संपलेलं, तिकडच्या मेथडिस्टांना प्रभुभोजन द्यायला माणूस नाही, लंडनचे बिशप दीक्षा द्यायला तयार नाहीत. शेवटी १७८४ च्या सप्टेंबरात ब्रिस्टलला ८१ वर्षांच्या जॉन वेस्लीने, स्वतः बिशप नसताना, दोघांना दीक्षा दिली आणि थॉमस कोकला अधीक्षक नेमलं. सख्खा भाऊ चार्ल्स इतका दुखावला, की त्याने कवितेत विचारलं, कोकवर वेस्लीने हात ठेवले, पण वेस्लीवर कोणी ठेवले? तुम्ही दोघांपैकी कोणालाच खोटं पाडलं नाहीत. म्हणालात, एकाला भुकेली माणसं दिसत होती आणि दुसऱ्याला फुटणारं घर दिसत होतं. आणि मग स्वतःबद्दल म्हणालात, "मी बिशपपद मानतो. मंडळ्या एकत्र राहाव्यात म्हणून ते हवंच असं मला वाटतं. पण बिशप नव्हते तिथे देव नव्हता, असं म्हणायची माझी हिंमत नाही."

आजोबांचे हात कुठून आले तेही तुम्ही शोधून दिलंत. मॅसॅच्युसेट्समधलं सेलम गाव, ६ फेब्रुवारी १८१२, ऐन थंडी. टॅबरनॅकल चर्चमध्ये पाच तरुणांवर पाळकांनी हात ठेवले. त्यांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईला उतरले. हॉल तर १८२६ साली नाशिककडच्या फिरतीवर पटकीने गेला. त्यांच्या मागून आलेल्यांनी १८३१ साली नगर गाठलं, आणि त्या हातांखालून आमच्या मराठी माणसांचे हात तयार झाले. दाखल्यावरच्या तीन मराठी सह्या त्यांच्याच. बिशप नसतील त्यात. पण एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर येत राहिलेले हात तर होते.

शेवटच्या दुपारी तुम्ही मद्रासचं सांगितलंत. २७ सप्टेंबर १९४७ ला दक्षिण भारताची मंडळी एक झाली तेव्हा बिशपांचा हात नसलेले पाळक आहेत तसे स्वीकारले गेले, पुन्हा दीक्षा न देता. पुढच्या सगळ्यांना बिशपांनी दीक्षा द्यायची असं ठरलं. आजोबा मद्रासेत असते तर त्यांना कोणी विचारलंही नसतं. आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात? तिथे तर बिशपांनी पाळकांवर एकतर्फी हात ठेवलेच नाहीत. सगळ्यांनी एकमेकांवर ठेवले. पाळकांचे हात बिशपांच्याही डोक्यावर होते. कोणाच्या दीक्षेत काय उणं होतं याचा निवाडा त्या विधीने केला नाही. तो देवावर सोडला. म्हणजे ज्या दिवसाचा दाखला देऊन आजोबांना वगळलं, त्या दिवशी नागपुरात जमलेल्यांनी नेमकी तीच गोष्ट करायचं टाळलं होतं.

भलेपणा म्हणजे काहीतरी मोठं असतं असं मला लहानपणापासून वाटायचं. दानधर्म, त्याग, असलं काही. आता वाटतं, भला माणूस समोरच्याच्या मेलेल्या माणसांशी कसा वागतो त्यावरून ओळखू येतो. ती माणसं उठून बाजू मांडू शकत नाहीत. त्यांचं नाव उच्चारताना कोणी आवाज खाली आणतो, कोणी लिफाफा वाळेपर्यंत हातात धरून थांबतो. असं वागणारी माणसं माझ्या आजीला भेटली होती, आईला भेटली, आणि मला वाटायला लागलं होतं की आता संपली.

स्मरणिकेचं दुरुस्तीपत्र अजून आलेलं नाही. आई त्याची वाट बघत नाही. लिफाफा तिने उशालगतच्या कपाटात ठेवलाय; दाखला बाहेर काढत नाही, पण 'रेव्ह.'वरून बोट फिरवते. माझी ती वही तिला सगळी वाचून दाखवून झाल्यावर तिने एकच विचारलं, "हे सर आपल्या मिशनचे?" मी म्हटलं, नाही, एस.पी.जी.चे. बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "त्यांना माझा सलाम सांग."

तो सांगायला हे पत्र. गेल्या रविवारी ती काठी टेकत पुढे गेली आणि प्रभुभोजनासाठी दोन्ही हात पसरले. आणि शनिवारी रात्री मनुका भिजत घालायचं काम तिने मंडळीतल्या बायकांकडून परत मागून घेतलंय.

तुमची कृतज्ञ,
रेव्हरंडांची नात