पुनर्वसन इमारतींतील कोंडलेल्या हवेविषयी गृहनिर्माण मंत्र्यांना खुले पत्र

माननीय गृहनिर्माण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

मुंबईतील एका पुनर्वसन इमारतीत, म्हणजे झोपडपट्टीच्या जागी तिथल्या रहिवाशांसाठी बांधलेल्या इमारतीत, मी दुसऱ्या मजल्यावर राहतो. आमच्या स्वयंपाकघराची एकुलती एक खिडकी डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या आतल्या अरुंद उभ्या पोकळीत, उघडते आणि वरच्या सगळ्या घरांचे एक्झॉस्ट पंखेही त्याच डक्टमध्ये धूर सोडतात. त्यामुळे चौथ्या मजल्यावर मिरचीची फोडणी पडली की ठसका आम्हाला लागतो. भर दुपारी दिवा लावावा लागतो, आणि पावसाळ्यात भिंतीला धरलेली बुरशी दिवाळीच्या रंगकामापर्यंत तशीच राहते.

हे रडगाणे आमच्या एका घराचे असते, तर आपल्याला लिहिले नसते. गोवंडी-मानखुर्द भागातील लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींचा ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही स्वयंसेवी संस्था आणि आयआयटी मुंबई यांनी केलेला अभ्यास २०१८ मध्ये समोर आला. दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर, खालच्या मजल्यांवर ऊन नाही, वारा नाही, आणि त्याच घरांत क्षयरोगाचे प्रमाण मोठे, असे त्यातून दिसले. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात; हवा खेळती नसेल, तर ते खोलीतच रेंगाळतात. औषधे फुकट देणारे सरकारच अशा इमारतींचे नकाशे मंजूर करते, हे मला उमगत नाही.

पुनर्वसनाचे घर २२५ चौरस फुटांवरून २६९ आणि पुढे ३०० चौरस फुटांचे झाले, याबद्दल आभारच मानायला हवेत. मात्र हवेचा विचार झाला नाही. राष्ट्रीय इमारत संहिता उष्ण-दमट हवामानात खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश इतकी खिडक्यांची उघडी जागा सुचवते; परंतु त्या खिडकीबाहेर हवा आहे की समोरची भिंत, हे नकाशा विचारत नाही. आमच्याच भूखंडावर बिल्डरने खुल्या बाजारात विकण्यासाठी बांधलेल्या इमारतीला मात्र चहूबाजूंनी वारा आहे.

म्हणून विनंती अशी की, पुनर्वसन इमारतींना भोवती कमी मोकळी जागा सोडण्याची दिली जाणारी सवलत बंद करावी, स्वयंपाकघरांचा धूर स्वतंत्र नळीने गच्चीवर नेणे बंधनकारक करावे, आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारतीत राहायला जाण्याची परवानगी) देण्यापूर्वी खालच्या तीन मजल्यांवरील घरांत हवा किती खेळते, याची प्रत्यक्ष मोजणी करावी. उभ्या राहिलेल्या इमारती पाडा, असे मी म्हणत नाही. तेथे निदान डक्टच्या माथ्यावर हवा ओढणारे पंखे बसवावेत आणि त्यांच्या विजेचा भार रहिवाशांच्या सोसायटीवर टाकू नये.

आपला,
दुसऱ्या मजल्यावरील एक रहिवासी