विषय : हात खाली धरला की आपोआप साबणाचा फेस सोडणारी सेन्सरवाली दोन मशीनं परत न्या, 6,900 रुपये परत करा

ग्राहक सेवा व्यवस्थापक यांस,

आज सकाळी तुमच्या माणसानं पाचव्यांदा "आपला दिवस शुभ असो" म्हणून फोन ठेवला, म्हणून हे लेखी. मशीन कोणतं ते समजावत बसत नाही. बिलाची झेरॉक्स जोडली आहे आणि मशीन तुमचंच आहे.

यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या एका गावात आमचा महिला बचत गट पाळणाघर चालवतो. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी लागली की आया सकाळी सातलाच वावरात जातात. दीड ते पाच वर्षांची 22 लेकरं दिवसभर आमच्याकडे. पूर्वी आम्ही कांद्याच्या जाळीत साबणाची वडी घालून नळाला बांधत होतो. लेकरं जाळी चोळायची, फेस यायचा, हात धुतले जायचे. जुलैत तुमचा विक्रेता आला आणि जाळी पाहून हसला. "मावशी, एका वडीला बावीस हात, म्हणजे रोगाचं घरच की!" मग त्यानं गुबगुबीत बाळाचं पोस्टर काढलं, त्यावर 99.9 टक्के जंतू मारण्याचा दावा. आम्ही ठराव वहीत ठराव लिहिला आणि दोन मशीनं घेतली.

मशीनला लेकराचा हात दिसत नाही. माझा पंजा खाली धरला की भसकन फेस. दोन वर्षांच्या पोराची मूठ धरली की ढिम्म. रात्री मात्र कोणी नसताना आपोआप सुटतं, सकाळी खाली फेसाचं डबकं. चार सेल पंधरा दिवसांत संपतात.

ऑक्टोबरात एका मुलीच्या तोंडात फोड आले, तळहात-तळपायांवर पुरळ. आठवड्यात सहा लेकरं झाली. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, गोवर नाही, कांजिण्या नाहीत, हा हात-पाय-तोंडाचा आजार. बहुतेक लेकरं आठ-दहा दिवसांत बरी होतात, पण बरं झाल्यावरही विषाणू शीतून काही आठवडे पडत राहतो. म्हणून लंगोट बदलल्यावर आणि खाण्याआधी साबणानं, वाहत्या पाण्याखाली हात धुवा. खेळणी धुऊन ब्लीचिंगच्या पाण्यातून काढा. ताप असेपर्यंत लेकरू घरी ठेवा. घरी ठेवा म्हणजे आईचा रोज बुडाला. वेचणीची मजुरी किलोवर असते, घरी बसून कापूस वेचला जात नाही.

रोग तुमच्या मशीननं आणला असं मी म्हणत नाही, तो तसाही आला असता. पण ज्या महिन्यात हात धुणं सगळ्यात गरजेचं, त्याच महिन्यात 22 लेकरं मशीनखाली हात धरून उभी आणि मशीन गप्प.

आता आजचा फोन. तुमच्याकडे कॉल रेकॉर्ड होतो म्हणतात, तर ऐका.

तो म्हणाला, "मॅडम, हात सेन्सरपासून आठ सेंटिमीटरवर दोन सेकंद स्थिर ठेवायला सांगा."

"दोन वर्षांच्या लेकराला?"

"हो मॅडम, युजरला."

"युजर आत्ता माझ्या पदराला शेंबूड पुसून राहिला."

थोडा वेळ नुसती टकटक. मग, "मॅडम, तोवर मशीनमध्ये आमचं सॅनिटायझर भरा." मी सांगितलं, या विषाणूवर अल्कोहोलचं सॅनिटायझर साबण-पाण्याइतकं चालत नाही असं डॉक्टरबाईंनी बजावलंय, शिवाय ही पोरं धुतलेला हातही तोंडात घालतात. त्यावर त्यानं पुन्हा 99.9 टक्के वाचून दाखवले. मेकॅनिक पाठवा म्हटलं, तर "आपल्या पिनकोडवर सेवा उपलब्ध नाही." विकताना हाच पिनकोड होता ना?

आणि शेवटी, अगदी आपुलकीनं : "मॅडम, एक विचारू? गावातल्या पाळणाघराला एवढं मशीन लागतं तरी कशाला? साधा साबण चालतो की."

मी संयमानं लिहायचं ठरवलं होतं. पण बाप्पा, कायले लागते हे आम्हीच जुलैत तुमच्या माणसाले विचारलं होतं! तेव्हा जाळीतला साबण रोगाचं घर होता, आता तोच चालतो. आणि गावातल्या लेकरांना साधं चालतं म्हणजे काय? विषाणू काय पिनकोड पाहून येतो? तुमच्या शहरातल्या लेकरांचे हात आमच्या लेकरांपेक्षा मोठे आहेत काय? पोस्टरवरच्या त्या बाळाचे तरी तुमच्या मशीननं ओळखले असतील का, शंकाच आहे.

एक गोष्ट त्याला सांगायची राहिली. जाळीतली ती वडी तुमच्याच कंपनीची होती. माझ्या आईच्या न्हाणीतही तीच असायची. तुमच्या नावावर विश्वास होता म्हणूनच आम्ही तुमचं मशीन घेतलं.

15 दिवसांत पूर्ण पैसे परत हवे आहेत. रिफिलचं कूपन नको. नाहीतर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवू आणि यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, तुमच्या शहरात यायची आम्हाला गरज नाही. तुम्हाला मात्र इकडे यावं लागेल, पिनकोडवर सेवा असो वा नसो. पोस्टरही जपून ठेवलं आहे.

मशीनं खोक्यात बांधून ठेवली आहेत. न्यायला माणूस पाठवा, पण दुपारी एक ते तीन नको. तेव्हा लेकरं झोपलेली असतात.

अध्यक्ष,
महिला बचत गट (पाळणाघर), जि. यवतमाळ