तक्रार: कमानपाटा बदलल्यापासून ट्रक उजवीकडे ओढतोय आणि तुमचं सर्व्हिस सेंटर नुसतं अलाइनमेंटच करतंय

प्रति,
सर्व्हिस हेड साहेब / ग्राहक तक्रार विभाग

नमस्कार साहेब,

तुमच्या कंपनीचा सहा टायरचा ट्रक माझ्याकडे आहे, १८.५ टन पासिंगचा (गाडी आणि माल मिळून), मालक पण मीच आणि ड्रायव्हर पण मीच. लासलगाव-पिंपळगाव साइडला कांदा भरायचा आणि न्हावाशेवाला नेऊन खाली करायचा हा आपला धंदा. टोल फ्रीला फोन केला की तक्रार नंबर येतो, मग "आपली तक्रार सोडवण्यात आली आहे" असा मेसेज येतो आणि गाडी आहे तशीच, म्हणून आता सगळं लिहूनच देतोय, जरा लांबेल पण पूर्ण वाचा, कारण सर्व्हिस सेंटरवर कोणी पूर्ण ऐकूनच घेत नाही.

झालं असं की मागच्या डाव्या कमानीचा (अ‍ॅक्सल आणि चेसीच्या मधली पाट्यांची स्प्रिंग) मेन पाटा तुटला होता. वॉरंटीत होता, तुमच्याच अधिकृत सर्व्हिस सेंटरने बदलून दिला, तिथपर्यंत काही तक्रार नाही. पण गाडी तिथून काढून माल भरला आणि रस्त्याला लागलो तेव्हापासून ती उजवीकडे ओढायला लागली. आधी थोडीशी, वाटलं नवीन पाटा आहे, बसेल, पण ते वाढतच गेलं. स्टिअरिंग सतत डावीकडे दाबून धरायचं, जरा हात ढिला केला की गाडी चालली उजवीकडे. आता आपल्याकडे उजवीकडे म्हणजे कुठे ते तुम्हाला सांगायला नको, निफाड-लासलगाव रोडला मध्ये डिव्हायडर नाही, समोरून एसटी येते, उसाचे ट्रॅक्टर येतात, रात्री तर ट्रॉलीला मागे लाल लाइट पण नसते. घरी आल्यावर डावा खांदा वर होत नाही असं झालं.

सर्व्हिस सेंटरला नेली तर पहिलं उत्तर, टायर. ठीक आहे, रेडियल टायरमध्ये आतून खोट असली तर गाडी ओढते हे मला पण माहितीये, पण ते बघायची पद्धत सोपी आहे ना, पुढचे दोन टायर डावे-उजवे अदलाबदल करायचे, ओढ बाजू बदलली तर टायर, नाही बदलली तर टायर नाही. मी ते त्यांच्यासमोर करायला लावलं, हवा दोन्हीकडे सारखी करून. ओढ उजवीकडेच राहिली. मग म्हणे ब्रेक चिकटत असेल. तो पण मुद्दा बरोबर आहे, एका चाकाचे लायनर ड्रमला घासत राहिले की गाडी त्या बाजूला जाते, पण मग तो ड्रम दुसऱ्यापेक्षा जास्त तापायला पाहिजे. कसारा घाट उतरून खाली गाडी लावली की मी चारी ड्रमजवळ हात नेऊन बघतो, डावं उजवं सारखंच. आणि ब्रेकवर पाय असो नसो, ओढ तेवढीच.

तिसरं उत्तर ऐकून तर हसावं का रडावं कळेना. अ‍ॅडव्हायझर म्हणतो रस्त्याचा उतार असतो साहेब, त्याने गाडी जाते. अहो, आपण डाव्या बाजूने चालतो, रस्त्याला उतार असतो तो पाणी जायला डाव्या कडेकडे, त्याने गाडी गेली तर डावीकडे जाईल, माझी उजवीकडे जाते म्हणजे चढावर जाते! म्हणजे खरी ओढ दिसते त्यापेक्षा जास्तच आहे. हे त्याला समजावलं तर म्हणाला ओव्हरलोड भरत असाल. काट्याच्या पावत्या जोडल्यात, बघून घ्या, पासिंगच्या वर एक पण नाही.

आणि प्रत्येक वेळी शेवट एकच, व्हील अलाइनमेंट करून देतो. केलं काय, तर टाय रॉड फिरवून पुढच्या चाकांचा टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते) सेट केला, बिल घेतलं. साहेब, टो चुकला तर टायर खातो, नुसत्या टोने अशी एका बाजूला सारखी ओढ येत नाही, कारण दोन्ही चाकं एकाच टाय रॉडला बांधलेली, चूक दोघांत वाटली जाते. हे ट्रक चालवणाऱ्याला कळतं ते मशीनवर बसलेल्या माणसाला कळू नये? त्यात कहर म्हणजे शेवटच्या वेळी त्यांनी ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा) फिरवून स्टिअरिंग सरळ करून दिलं. म्हणजे आधी सरळ चालताना स्टिअरिंग डावीकडे वाकडं दिसायचं, आता सरळ दिसतं, आणि "बघा झालं की" म्हणून गेटपास हातात. रोग तसाच, दिसणं फक्त बंद केलं, वर स्टिअरिंग बॉक्सचा मधला पॉइंट आणि सरळ चाकं यांचा मेळ गेला तो वेगळाच.

मला शंका आली ती पावसात. धाबा सोडून ओल्या डांबरावरून सरळ कोरड्या पट्ट्यात गाडी घेतली आणि उतरून मागे जाऊन चाकांचे ओले पट्टे बघितले. मागच्या जोडटायरचा पट्टा पुढच्या टायरच्या दोन्ही बाजूंना सारखा पसरलेला पाहिजे. माझ्या गाडीचा डाव्या अंगाला सरकलेला. म्हणजे पुढची चाकं एकीकडे, मागची दुसरीकडे, गाडी खेकड्यासारखी चाललेली. दोष पुढे नाहीच, मागे आहे.

तुमच्या सेंटरला फोन केला तर पुढच्या आठवड्याची तारीख. अशी गाडी भरून घाटात घालायची नाही म्हणून ओझरजवळच्या एका कमानवाल्याकडे नेली. म्हाताऱ्या मिस्त्रीने मशीन नाही, कॉम्प्युटर नाही, पुढची चाकं सरळ करून घेतली आणि टेप लावला, पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत, आधी उजवीकडे मग डावीकडे. डावी बाजू सहा सूत जास्त भरली. पाऊण इंच! मग मागच्या कमानीच्या पुढच्या पिनेपासून अ‍ॅक्सलपर्यंत मोजलं, तिथे पण तेवढाच फरक, म्हणजे पुढचा अ‍ॅक्सल जागेवर आहे, मागचा डावीकडून मागे सरकलाय. मागचा अ‍ॅक्सल असा तिरका झाला की तो गाडीचं ढुंगण डावीकडे ढकलतो आणि तोंड उजवीकडे वळतं. इतकं साधं आहे.

खोलायच्या आधी फोटो काढले, खोलताना व्हिडिओ केला, दोन्ही जोडलेत. कमान अ‍ॅक्सलला आवळून धरणाऱ्या यू-बोल्टचे नट पाना लावल्या लावल्या फिरले, जोर लावायला लागलाच नाही. कमान उचलली तर पाट्यांच्या मधोमध आरपार जाणारा सेंटर बोल्ट तुटलेला, डोकं अ‍ॅक्सलच्या सीटच्या (कमान टेकते ती जागा) भोकात आणि बाकीचा पाट्यात. आणि सीटवर बाकी सगळीकडे गंज आणि चिखल, फक्त मध्ये एक पट्टा चकचकीत पांढरा, जिथे पाटा मागेपुढे घासत होता. तो पट्टा तुम्ही झूम करून बघाच. मागची चाकं ढकलतात तो जोर आणि ब्रेकचा जोर, दोन्ही कमानीतूनच चेसीला जातात, अ‍ॅक्सलला धरून ठेवतो तो यू-बोल्टचा दाब, सेंटर बोल्ट तर फक्त जागा दाखवायला असतो. यू-बोल्ट ढिला राहिला की सगळा भार त्या बारक्या बोल्टवर, तो किती दिवस टिकणार?

आता तुमच्याच जॉब कार्डची कॉपी बघा. त्यात कमानपाटा आहे, लेबर आहे. नवीन यू-बोल्ट नाहीत, नट नाहीत. म्हणजे जुनेच ताणलेले यू-बोल्ट परत बसवले. लोडवर थोडी चालवून परत टाइट करायला आणा असं तोंडाने पण सांगितलं नाही आणि कागदावर पण लिहिलं नाही. त्यानंतर गाडी इतक्या वेळा तिथेच लिफ्टवर चढली, एकाने पण मागे वाकून नटाला पाना लावला नाही, टेप तर सोडाच. दहा मिनिटांचं काम होतं.

वॉरंटीची गाडी बाहेर खोलली असं उत्तर देऊ नका, तारीख तुम्ही पुढच्या आठवड्याची दिलीत आणि गाडी चालवण्यालायक नव्हती, त्या फोनचं रेकॉर्डिंग आहे.

मला काय पाहिजे ते सांगतो. अलाइनमेंटची घेतलेली सगळी बिलं परत. कमानवाल्याचं बिल, त्यात नवीन यू-बोल्टचा सेट आणि सेंटर बोल्ट आला. पुढचे दोन्ही टायर आतून करवतीसारखे खाल्ले गेलेत, त्यांची राहिलेल्या नक्षीच्या हिशोबाने भरपाई. स्टिअरिंग बॉक्स आणि ड्रॅग लिंक परत मूळ जागेवर सेट करून, ते पण तुमच्या खर्चाने आणि दुसऱ्या सेंटरला. आणि दोष नेमका काय होता ते लेखी, सही-शिक्क्यासकट. आणखी एक, त्या सेंटरने ज्या ज्या गाड्यांचे मागचे पाटे बदललेत त्यांना फोन करून बोलवा आणि नट तपासा, माझा धंदा बुडाला ते बुडाला, पण घाटात कोणाचा अ‍ॅक्सल सरकला तर समोरच्याचा काय गुन्हा.

धंद्याची गाडी म्हणजे तुम्ही ग्राहक नाही असं एकाने फोनवर ऐकवलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू व्यापारी कामात धरत नाहीत, आणि मी स्वतः चालवतो. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, कागद तयार आहेत.

तुटलेला सेंटर बोल्ट आणि जुने यू-बोल्ट माझ्याकडेच आहेत. बघायचे असतील तर तुमचा इंजिनिअर पाठवा, माझ्यासमोर बघू दे, मोजू दे, पण नेऊ देणार नाही.

आपला,
ट्रकमालक, ता. निफाड, जि. नाशिक

सोबत: जॉब कार्ड, अलाइनमेंटची बिलं, काटा पावत्या, फोटो, व्हिडिओ