एक्स-कॉममधली सुपरह्युमन लेव्हल खोटी निघाली, त्याबद्दल तक्रार

सपोर्ट टीमला नमस्कार,

तुमच्या स्टोअरवरून मी 'यूएफओ: एनिमी अननोन' म्हणजे १९९४ ची जुनी एक्स-कॉम घेतली, एलियनशी आळीपाळीने चाली करत लढायचा गेम. तुमच्या पानावर लिहिलंय की पाच डिफिकल्टी लेव्हल आहेत आणि गेम नवीन कॉम्प्युटरवर तपासलेला आहे. चालतो तो, त्याबद्दल वाद नाही, डॉसबॉक्समधून (जुने डॉस गेम नव्या कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम) एका क्लिकवर सुरू होतो. पण त्या पाचपैकी सगळ्यात सोपी बिगिनर तेवढी खरी, बाकी चार नावालाच, आणि हे मला गेम संपवल्यावर कळलं.

मी सुपरह्युमन, म्हणजे सगळ्यात अवघड लेव्हल घेऊन सुरुवात केली. पहिल्याच मिशनला एका सैनिकाला चार टाइम युनिट (प्रत्येक हालचालीला लागणारे पॉइंट) खर्चून गुडघ्यावर बसवलं, बाकीचे युनिट रिअ‍ॅक्शन फायरसाठी, म्हणजे शत्रूच्या पाळीत तो दिसताच गोळी झाडता यावी म्हणून राखले आणि टर्न संपवला. सेक्टॉइड जातीचा एक एलियन दारातून बाहेर आला, आमच्या माणसाची गोळी त्याला लागली पण तो पडला नाही, उलट त्याने प्लाझ्मा झाडला आणि आमचाच गेला. मला अजिबात राग आला नाही, मला हेच हवं होतं. इथे मेलेला सैनिक परत येत नाही म्हणून एकेक पाऊल मोजून टाकावं लागतं आणि त्यासाठीच तर आम्ही इतक्या वर्षांनी हा गेम विकत घेतो.

मग सेव्ह केलं, दुसऱ्या दिवशी लोड केलं आणि तिथून पुढे सगळं सोपंच होत गेलं. एलियन कमी आणि जे आहेत ते पटापट पडतायत. मला वाटलं आपला हात बसला. तीन आठवडे रोज रात्री जागून मंगळावर सायडोनियापर्यंत, म्हणजे शेवटच्या मिशनपर्यंत पोचलो, जिंकलो, मनापासून आनंद झाला, आणि मग कळलं की डॉसच्या ह्या व्हर्जनमध्ये बग आहे, सेव्ह लोड केलं की लेव्हल गुपचूप बिगिनरवर जाते. स्क्रीनवर कुठेही दिसत नाही. जुन्या खेळाडूंना हे कधीपासून माहितीये, नंतरच्या विंडोज एडिशनमध्ये ते दुरुस्तही झालंय, फॅन लोकांनी ह्याच गेमसाठी फुकट बनवलेल्या ओपनएक्सकॉम प्रोग्राममध्ये तर हा घोळच नाही. मग पैसे घेऊन विकणाऱ्यांना जमू नये?

आधी तक्रार केली तेव्हा तुमचं उत्तर आलं की गेम जुना आहे, मूळ होता तसाच देतो. मान्य, पण मग पानावर तसं स्पष्ट लिहा ना, पाच लेव्हलची जाहिरात कशाला करता? जुना गेम म्हणजे काहीही चालेल असं नसतं, उलट जो जपून ठेवायचाय तो जास्त नीट द्यायला हवा.

मला एकतर दुरुस्त केलेली विंडोज एडिशन द्या नाहीतर पैसे परत करा. विंडोज एडिशन दिलीत तर जास्त आवडेल, मला सुपरह्युमनवर पहिल्यापासून खेळायचंय. पहिल्या मिशनच्या आधीची आणि नंतरची, दोन्ही सेव्ह फाइल सोबत पाठवतोय. उत्तर द्यायच्या आधी तुमच्यातल्या कोणीतरी त्या एकदा स्वतः उघडून बघा.