टीबी हेल्थ व्हिजिटर ताईंना, रामबागेतून

आदरणीय ताई,
सा. न. वि. वि.

अण्णांचा टीबीचा उपचार पूर्ण झाला. शेवटचा थुंकीचा रिपोर्ट चांगला आला त्या दिवशी केंद्रावर तुमच्यापुढे भली मोठी रांग होती, म्हणून नीट बोलता आलं नाही. आभाराचं हे पत्र मुद्दामच सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. इंदूरच्या आणखी चार घरांना तुमचं बोलणं उपयोगी पडेल.

तुमच्यासारखी औषधं देणारी माणसं बरीच असतील. तुम्ही मात्र प्रत्येक गोष्ट ती घडायच्या आधी सांगितलीत. पहिलं पाकीट हातात देतानाच म्हणालात, "अण्णा, उद्यापासून लघवी नारिंगी-लाल होईल. तो या गोळीतल्या रिफाम्पिसिन औषधाचा रंग आहे, रक्त नव्हे. घाबरून गोळी सोडू नका." दुसऱ्या दिवशी तसंच झालं, आणि अण्णा बाथरूममधून शांतपणे बाहेर येऊन म्हणाले, "ताई म्हणाल्या होत्या." पुढे हे वाक्य आमच्या घरात रोजचंच झालं.

अण्णांनी स्वतःचं ताट-वाटी आधीच वेगळी काढून ठेवली होती. मराठी घरातल्या त्यांच्या पिढीला क्षय म्हटलं की काय आठवतं, ते तुम्हाला सांगायला नको. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, बाविसावं वर्षही पुरं व्हायच्या आत, क्षयाने गेल्या. रॉबर्ट कॉख यांनी त्याचा जंतू १८८२ मध्येच दाखवून दिला होता, पण त्यावरचं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला १९४३ साल उजाडावं लागलं. अण्णांच्या मनातला क्षय त्या औषध नसलेल्या काळातला होता. तुम्ही त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसलात आणि म्हणालात, "भांड्यांतून हा पसरत नाही, खोकल्यातून हवेत पसरतो. ताट सगळ्यांबरोबर ठेवा, तोंडाला मास्क लावा आणि ही खिडकी उघडी राहू द्या." त्या रात्रीपासून अण्णांचं ताट सगळ्यांच्या भांड्यांत परत आलं. सासूबाई त्याबद्दल अजून तुमचं नाव काढतात.

सगळ्यात जास्त ऋण आहे ते शुगरच्या बाबतीतलं. अण्णांना मधुमेह जुना. तुम्ही समजावून सांगितलंत की शुगर चढलेली असली की जंतूंशी लढणाऱ्या पेशी दुबळ्या पडतात, म्हणून मधुमेह असलेल्यांना टीबी होण्याचा धोका इतरांच्या दुप्पट-तिप्पट असतो. वर मधुमेही माणूस वाळायला लागला की घरचे शुगरलाच दोष देतात आणि टीबी लपून राहतो. टीबीमुळे शुगर आणखी चढते, हा दुसरा त्रास. रिफाम्पिसिनमुळे शुगरच्या काही गोळ्यांचा असर कमी होतो, म्हणून दोन्ही फायली एकाच पिशवीत ठेवून दोन्ही डॉक्टरांना दाखवायच्या, हेही तुम्हीच बजावलंत. त्या फायली पाहूनच डॉक्टरांनी अण्णांना काही काळ इन्सुलिनवर ठेवलं. पायाला मुंग्या आल्या तर लगेच सांगा, असंही तुम्ही म्हणाला होतात. मुंग्या शुगरनेही येतात आणि आयसोनियाझिड या टीबीच्या औषधानेही, म्हणून तर बी-६ जीवनसत्त्वाची गोळी सोबत असते. एक आजार लागट, दुसरा नाही, आणि दोन्ही एकाच शरीरात एकमेकांना बळ देत बसलेले. हे इतकं सोपं करून आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

जेवणाचंही तसंच. शुगरच्या धाकाने अण्णांचं जेवण अर्ध्यावर आलं होतं. तुम्ही म्हणालात, "उपाशी ठेवून शुगर उतरवायची नाही. या आजारात अंग भरलं पाहिजे. डाळ, शेंगदाणे, पनीर, चालत असेल तर अंडी द्या. पोहे हवेत? घ्या, पण जिलेबीऐवजी वर उसळ घाला." इंदूरच्या माणसाला याहून चांगला सल्ला कुणी देऊ शकत नाही! टीबीच्या रुग्णांना आहारासाठी मदत देणाऱ्या सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे महिन्याचे १,००० रुपये खात्यात यावेत म्हणून कागदपत्रंही तुम्हीच जुळवून दिलीत. ते पैसे अण्णांनी दूध-पनीरावरच खर्च केले.

माझ्या लेकीला काहीच होत नव्हतं, तरी तुम्ही घरातल्या सगळ्यांची तपासणी करायला लावलीत. जंतू शरीरात वर्षानुवर्षं झोपून राहू शकतो, हे तेव्हा कळलं. एक्स-रे आणि तपासणीत रोग नाही याची खात्री झाल्यावरच तिला प्रतिबंधक गोळ्या सुरू झाल्या.

दोन महिन्यांनी अण्णांचा ताप गेला, भूक परतली. इथेच बरेच जण औषध सोडतात, हे तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं. बरं वाटतं तेव्हाही चिवट जंतू उरलेले असतात, आणि अर्धवट सोडलेल्या औषधाने तेच औषधाला दाद न देणारे होतात, म्हणून पुढचे चार महिने. अण्णांनी एकही गोळी चुकवली नाही.

एकदा शेजारच्या काकूंनी विचारलं, "आपलं इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं, मग इथे टीबी कसा?" तुमच्याकडून ऐकलेलं मी त्यांना सांगू शकले, की हा कचऱ्याचा रोग नाही, कोंदट खोलीतल्या हवेचा आहे. तुम्ही स्वतः मात्र गल्लीत कधी कुणाला आमच्याकडे कशासाठी येता ते कळू दिलं नाहीत. पुढे अण्णांनीच सगळ्यांना मोकळेपणाने सांगितलं, तेव्हा त्यांना ते कुणाच्या दबावाखाली करावं लागलं नाही. याचं मोल मला शब्दांत मांडता येत नाही.

आता दोन वर्षं दर सहा महिन्यांनी तपासणीला यायचं आहे, आणि तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणीही चालू ठेवायची आहे. तारखा कॅलेंडरवर लिहिल्या आहेत.

एक विनंती. तुम्ही रोज खोकणाऱ्या माणसांच्या घरी जाता, त्यांच्या शेजारी बसता. मास्क लावत जा, आणि स्वतःची तपासणी पुढे ढकलू नका.

अण्णांचे आशीर्वाद, सासूबाईंचा आणि माझा नमस्कार.

तुमची,
रामबागेतल्या अण्णांची सून