'मिस्सा'चं मूळ सांगणाऱ्या फादरांना

आदरणीय फादर,

सप्रेम नमस्कार.

चर्चमधल्या ज्या उपासनेला वसईत आपण कॅथलिक लोक मिस्सा म्हणतो, त्यालाच इंग्रजीत मास म्हणतात. धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या मुलांनी या शब्दांचा अर्थ विचारला, म्हणून मी तुमच्याकडे आले. तुम्ही अख्खी दुपार दिलीत. त्याबद्दल सगळ्यांसमोर तुमचे आभार मानायचे आहेत.

जुन्या पत्रकाच्या पाठकोऱ्या बाजूवर तुम्ही पेन्सिलीने 'मित्तेरे' हा लॅटिन शब्द लिहिलात, म्हणजे पाठवणे. त्याखाली 'मिस्सा'. मग लॅटिन उपासनेच्या शेवटी म्हणतात ते वाक्य: 'इते, मिस्सा एस्त'. जा, निरोप झाला. एवढा साधा अर्थ! चौथ्या-पाचव्या शतकातले बिशप सेंट ऑगस्टिन यांच्या काळात प्रवचनानंतर बाप्तिस्मा न झालेल्यांना बाहेर पाठवत, त्यालाही मिस्साच म्हणत. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरुसलेमला गेलेली यात्रेकरू एजेरिया तर रोजची सकाळ-संध्याकाळची प्रार्थना आटोपली, की तिथेही हाच शब्द लिहिते. आजच्या फ्रान्समधल्या व्हिएन्नचे बिशप अविटस यांचा दाखला मला सगळ्यात आवडला: चर्चमध्येच नव्हे, राजवाड्यात आणि न्यायालयातही लोकांना जायला मोकळीक देताना हाच शब्द पुकारत. म्हणजे आपल्याकडे सभा विसर्जित झाली म्हणतात, तसंच. शेवटचा हा शब्द हळूहळू सबंध उपासनेचं नाव झाला. इंग्रजीतल्या ख्रिसमसच्या शेपटातही तोच आहे.

'मिस्सा म्हणजे जगात सेवेसाठी पाठवणी' असं सांगून तुम्ही मला सहज वाटेला लावू शकला असता. प्रवचनात ते शोभतंही. पण तुम्ही पोप बेनेडिक्ट सोळावे यांचं २००७ चं पत्र काढून दाखवलंत. प्राचीन काळी मिस्सा म्हणजे निव्वळ निरोप, पाठवणीचा खोल अर्थ ख्रिस्ती वापरात पुढे रुजला, असं त्यांनीच त्यात म्हटलं आहे. भक्तीतून आलेला अर्थ आणि शब्दाचा इतिहास तुम्ही वेगवेगळे ठेवलेत, आणि दोन्हींचा मान राखलात. मुलांना शिकवताना मला नेमकं हेच हवं होतं. याबद्दल तुमचे उपकार मी विसरणार नाही.

आता मुलं सॅक्रमेंट, म्हणजे चर्चमधले पवित्र संस्कार, या शब्दावर आली आहेत. रोमन सैनिकाच्या शपथेला 'साक्रामेंतुम' म्हणत, एवढंच मी वाचलंय. तुम्हाला सवड असेल तर पुढच्या आठवड्यात येऊ का?

तुमची,
धर्मशिक्षण वर्गातली एक शिक्षिका